माणगंगेकाठची चारचाकी

सातारा-पंढरपूर रस्त्याने कोरेगाव सोडले, वर्धनगडाचा लहानसा घाट ओलांडला आणि पुसेगाव मागे टाकले, की पाऊस हळूहळू प्रवाशाची साथ सोडतो. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांना जो पाऊस झोडपून काढतो, त्याचा येथे मागमूसही नसतो. उघडे माळ, बाभळी, रस्त्याच्या कडेने चाललेली मेंढरे आणि दूरवर एखादी भुंडी टेकडी, असा हा माणदेश. गोंदवलेकर महाराजांचे गोंदवले मागे पडते आणि थोड्याच वेळात माणगंगेच्या काठी वसलेले म्हसवड लागते. श्री सिद्धनाथाचे पुरातन देवालय, १८५७ साली स्थापन झालेली नगरपालिका आणि आठवड्याचा बाजार ही या गावाची जुनी ओळख. १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने येथे उभी राहिलेली माणदेशी महिला सहकारी बँक ही नवी ओळख.

गावाच्या मुख्य चौकात अर्धा तास उभे राहून गाड्यांच्या पाट्या वाचल्या, तर भूगोलाचा एक धडा फुकट मिळतो. म्हसवड सातारा जिल्ह्यातले खरे, पण जिल्ह्याच्या अगदी पूर्व कडेवरचे. थोडे पुढे गेले की सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका लागतो आणि आग्नेयेला सांगली जिल्ह्याचा आटपाडी तालुका. त्यामुळे एमएच ११ या सातारच्या गाड्यांच्या बरोबरीने सांगलीची १०, अकलूजची ४५, सोलापूरची १३, बारामतीची ४२ आणि पुण्याची १२ अशी सगळी ‘पासिंगे’ येथे एकमेकांना वाट देत असतात. आटपाडी हा एके काळी औंध संस्थानचा महाल होता. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, पुढच्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. संस्थान गेले, सरहद्द मात्र राहिली. ती आता मोटारीच्या पाटीवर दिसते.

याखेरीज यात्रेच्या दिवसांत आणखी एक प्रकार दिसतो. तमिळनाडू, केरळ, आंध्र, उत्तर प्रदेश, बंगाल अशा दूरदूरच्या राज्यांच्या पाट्या असलेल्या गाड्या गल्लीबोळांत उभ्या असतात. त्या पाहुण्यांच्या नसतात, घरच्याच असतात. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातील असंख्य कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पांगली आहेत. पाऊस नव्हता म्हणून बाहेर पडलेली ही माणसे, देवाच्या रथाला मात्र न चुकता परततात. त्यांच्या गाड्यांपुढे एक प्रश्न नेहमी उभा राहतो. मोटार वाहन कायद्यानुसार परराज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवली, तर तेथे तिची नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती, नव्या राज्याचा कर आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागण्याची खटपट, एवढे सगळे ओघाने आले. २०२१ साली ‘बीएच’ ही भारत मालिका निघाली तेव्हा अनेकांना वाटले की आता हा त्रास संपला. परंतु ती सवलत सरकारी कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी आस्थापनांच्या नोकरदारांना आहे. कोईमतूरच्या एका गल्लीत भट्टी पेटवून बसलेल्या गलाईवाल्याला ती मिळत नाही. ज्याला राज्ये ओलांडण्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमका तोच नियमाबाहेर राहिला, हे चमत्कारिकच म्हणायचे. यात्रेसाठी चार आठवडे येणाऱ्याने मात्र घाबरण्याचे कारण नाही. गाडीची कागदपत्रे, विमा आणि पीयूसी चालू असली की पुरे. गाव कायमचे गाठायचे ठरले, तर मुदत संपण्याची वाट न पाहता ना-हरकत पत्र आधीच काढून ठेवावे, एवढेच.

चाक या गावाला नवे नाही. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, देवदिवाळीच्या दिवशी, सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. दोरखंडांना हजारो हात लागतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि तो अवजड रथ माणसांच्या बळावर गावातून फिरतो. वर्षाचे बाकीचे दिवस मात्र हा मुलूख पायी चालणाऱ्यांचा होता. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर चालतच शाळेला रुजू झाला. पुढे एसटी आली आणि सातारा, पंढरपूर, सांगली ही गावे एका दिवसात जाऊन येण्याजोगी झाली. ‘आपली गाडी’ ही कल्पना सामान्य घरात शिरली ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत.

ती का शिरली, हे समजण्यासाठी अंतरे पाहावीत. सातारा ऐंशी-नव्वद किलोमीटर, सांगली शंभरावर. दहिवडी हे तालुक्याचे ठिकाण त्यातल्या त्यात जवळ. रात्री अपरात्री कुणाच्या छातीत दुखू लागले, तर मोठे रुग्णालय दीड-दोन तासांवर आहे. बाजारपेठेतल्या कापड, भुसार, भांडी यांच्या दुकानदारांना माल पाहण्यासाठी पुणे-सोलापूर करावे लागते. समाजातील कुटुंबांचे दहिगावच्या अतिशय क्षेत्री जाणे-येणे असते. मोगराळे घाट उतरून फलटणची मंदिरे, दूरवर कुंभोज-बाहुबली, कधी कुंथलगिरी. वृद्ध आई-वडिलांना दर्शन घडवायचे म्हणजे एसटीच्या तीन बदल्या करण्याऐवजी घरची गाडी बरी वाटते. तेव्हा म्हसवडसारख्या ठिकाणी मोटार ही चैन आहे की गरज, हा वाद आता जवळजवळ निकाली निघाला आहे. वाद उरला आहे तो तिच्या खर्चाचा.

खर्चाची सुरुवात करापासून. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के झाला. चार मीटरपेक्षा जास्त लांब नसलेली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल, किंवा १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी या वर्गात मोडते. पूर्वी लहान पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के कर होता. करापूर्वीची किंमत पाच लाख धरली, तर तेव्हा ६ लाख ४५ हजारांना पडणारी गाडी आता ५ लाख ९० हजारांना पडते. मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि विजेवरच्या गाड्यांवर ५ टक्के कर आहे. त्यानंतर महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर येतो. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. म्हणजे वरील गाडीवर आणखी साधारण ६५ हजार. जाहिरातीतली किंमत आणि दारात उभ्या राहिलेल्या गाडीची किंमत यांत नेहमीच एवढे अंतर असते आणि ते अंतर ऐनवेळी कळल्याने घरात जो अबोला सुरू होतो, त्याची नोंद कुठल्याच पावतीवर नसते.

हप्त्याचेही तसेच. सहा लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये बसतो आणि व्याजापोटी एकूण १ लाख ४७ हजार जातात. तेच कर्ज सात वर्षांचे केले की हप्ता ९,६५० च्या घरात उतरतो, पण व्याज २ लाख १० हजारांवर चढते. विक्रेत्याच्या टेबलावर फक्त हप्त्याचा आकडा फिरतो, व्याजाची बेरीज कुणी काढत नाही. व्यापारी घरातल्या माणसाने तरी ती काढावी. दुसरा, न दिसणारा खर्च घसाऱ्याचा. विमा कंपन्यांच्या प्रमाण तक्त्यानुसार गाडीची विम्यायोग्य किंमत वर्षाच्या आतच १५ टक्क्यांनी घटते आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस निम्मी होते. सातव्या वर्षी हप्ता भरणारा मनुष्य अशा वस्तूचे कर्ज फेडत असतो, की जिची किंमत केव्हाच वितळलेली असते. इंधनाचे म्हणाल, तर महिन्याला हजार किलोमीटर आणि लिटरला अठरा किलोमीटर धरले आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर मानले, तर पाच हजार आठशेच्या आसपास. गावातल्या गावात फिरणाऱ्याला हा आकडा जास्त वाटेल, दर आठवड्याला साताऱ्याला जाणाऱ्याला कमी.

विम्याबाबत एक गैरसमज अजून पुसला गेलेला नाही. ‘थर्ड पार्टी’ म्हणजे पोलिसांना दाखवण्यापुरता कागद, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः गाडीच्या सर्व कागदांत हाच कागद घराचे रक्षण करतो. आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला किंवा कुणी जायबंदी झाला, तर दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील, ती या विम्यातून दिली जाते आणि तिला वरची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. या विम्याचे दर सरकार ठरवते. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार हजार सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये आणि हजार ते दीड हजार सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये. एवढ्यासाठी विमा चुकवणारा मनुष्य शेत, दुकान आणि राहते घर पणाला लावत असतो.

आता या साऱ्या व्यवहारातील सर्वांत नाजूक जागा पाहू. ती म्हणजे जुन्या गाडीची विक्री. म्हसवडसारख्या गावात गाडी बहुधा ओळखीत विकली जाते. भावकीतला कुणी, गिऱ्हाईक, मित्राचा मेहुणा. चहा होतो, रोख किंवा बँकेतून पैसे येतात, शंभराच्या किंवा पाचशेच्या मुद्रांकावर चार ओळी लिहिल्या जातात आणि किल्ली हातात पडते. नाव लावण्याचे काम ‘पुढच्या आठवड्यात’ करायचे ठरते. पुढचा आठवडा येत नाही. घेणाऱ्याला साताऱ्याची खेप नको असते, देणाऱ्याला मागे लागणे संकोचाचे वाटते. दोन वर्षांनी तीच गाडी तिसऱ्याच्या, मग चौथ्याच्या हाती जाते आणि आरसी बुकावर, ज्याला जुनी माणसे अजून टीसी बुक म्हणतात, नाव पहिल्याचेच राहते.

कायद्याच्या दृष्टीने मालक कोण? ज्याचे नाव नोंदीत आहे तो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. गाडी एकापाठोपाठ अनेक हातांतून गेली होती, अपघात शेवटच्या धन्याच्या काळात झाला होता आणि नोंद पहिल्याच्याच नावावर होती. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर ठेवली. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने गाडी कुणाकुणाला विकली याचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, हा त्यामागचा विचार. तो न्याय्यच आहे. पण ज्याने गाडी पाच वर्षांपूर्वी विकली, ज्याला ती कुठे आहे हेही ठाऊक नाही आणि जिचा विमा मधल्या काळात कुणी भरलेला नाही, अशा माणसाच्या दारी लाखोंच्या भरपाईची नोटीस येऊन पडते, तेव्हा काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. दुकानाची पत, मुलीचे ठरलेले लग्न, वडिलार्जित जागा, सारे एका न लावलेल्या नावावर टांगलेले असते.

म्हणून विकणाऱ्याने काय करावे, हे सविस्तर सांगणे भाग आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. नमुना २९ आणि ३० हे त्यासाठीचे अर्ज. गाडीवर बोजा असेल तर आधी बँकेचे पत्र व नमुना ३५ देऊन तो उतरवून घ्यावा. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरतो, हा समज चुकीचा आहे. थकलेल्या ई-चलनांची यादी आधी पाहावी, कारण कॅमेऱ्याने काढलेले जुने दंड गाडीच्या क्रमांकामागे असतात. विमाही १४ दिवसांत नव्या मालकाच्या नावे करण्यासाठी अर्ज करावा लागतो. विना-दावा सवलत, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’, मात्र गाडीबरोबर जात नाही. ती माणसाची असते, पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते आणि विकणाऱ्याला आपल्या पुढच्या गाडीवर वापरता येते. अर्धेअधिक काम आता संगणकावरून होते. तालुक्याच्या ठिकाणी परिवहन कार्यालयाची शिबिरेही भरतात. तरीही काहींना एजंटाशिवाय पाऊल उचलवत नाही. एजंट ठेवण्यात गैर काहीच नाही, परंतु नाव बदलल्याची नोंद ‘वाहन’ प्रणालीवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व्यवहार संपला असे मानू नये. ओळखीत विकताना हे सारे मागणे अवघड जाते हे खरे. तो अवघडपणा एका दुपारपुरता असतो.

पाटीचीही एक कथा आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवण्याचा आदेश निघाला आणि २०२५ साली मुदतीमागून मुदत वाढत गेली. ॲल्युमिनियमची ही पाटी, तिच्यावर अशोकचक्राची चमकती मुद्रा, लेसरने कोरलेला ओळख क्रमांक आणि एकदा बसवले की तोडल्याशिवाय न निघणारे खिळे. चारचाकीसाठी शुल्क ७४५ रुपये अधिक कर, दुचाकी व ट्रॅक्टरसाठी ४५० अधिक कर. समोरच्या काचेवर जी पट्टी लागते, तिचा रंग डिझेलला नारिंगी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा. या पाटीमुळे एक गोष्ट मात्र हरवली. पूर्वी चौकातल्या पेंटरकडून ‘सिद्धनाथ प्रसन्न’, ‘आईचा आशीर्वाद’ असे लिहवून घेतले जाई आणि क्रमांकातले आकडे ‘दादा’, ‘राज’ असे वाचले जातील अशा वळणाने रंगवले जात. ते नियमाविरुद्धच होते, पण पेंटरचा हात मोठा सफाईदार होता.

पंधरा वर्षे झालेल्या खाजगी मोटारीची पुन्हा तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते. तिचे शुल्क २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारीला २०२५ च्या सुधारणेनंतर १०,०००. वर पर्यावरण कर वेगळा. आजोबांची जुनी गाडी केवळ आठवण म्हणून गोठ्याशेजारी उभी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

गाडी नवी झाली की तिला सजवण्याची हौस येते. येथे नियम बरेच कडक आहेत आणि ते बहुतेकांना माहीत नसतात. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी केली. पुढच्या बाजूचे लोखंडी गार्ड २०१७ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रालयाने बेकायदा ठरवले. ते दिसायला भारदस्त असते, परंतु पायी चालणाऱ्याला जीवघेणे ठरते आणि धडकेचा धक्का सरळ सांगाड्यात पोचवते. उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत फरक करता येत नाही, हे २०१९ च्या निकालाने पक्के केले. सीएनजी किट मात्र मान्यताप्राप्त केंद्रातून बसवून आरसीवर नोंदवले तर चालते. त्याच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी आवश्यक असते आणि तीच नेमकी विसरली जाते. बाहेरून आणलेले पांढरे झगझगीत दिवे हे तर या रस्त्यावरचे मोठे दुखणे. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागचा दिवा नसतो आणि मोटारीच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपलेले असतात. पैसा खर्च करायचाच असेल तर टायरांवर करावा. टायरच्या बाजूस चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुन्या साठ्यातला टायर नवा म्हणून गळ्यात पडू नये यासाठी ते वाचावेत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. समाजातील कुटुंबांसाठी एक बारीकशी सूचना येथे अस्थानी ठरू नये. वरच्या श्रेणीच्या गाड्यांत आसने व स्टिअरिंगचे आवरण खऱ्या चामड्याचे आहे की कृत्रिम, हे नोंदणी करतानाच लेखी विचारून घ्यावे. बहुतेक वेळा ते कृत्रिम असते, पण गृहीत धरू नये.

माणदेशचे हवामान गाडीची वेगळी परीक्षा घेते. उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीची बॅटरी आणि वायपरचे रबर लवकर मरतात, धुळीने एअर फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीआधीच भरतो. उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी ठेवावी, असे सांगणारे फिटर अजून भेटतात. ते उलट आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या मापाने भरावी. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालणे हाही येथला जुना रोग. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आत साचतात आणि दोन वर्षांत इंजिन तापू लागते. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालावी लागते. दुकान ते घर एवढेच फिरणाऱ्याने डिझेल घेऊ नये.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे जुन्या बांधणीच्या मोटारींचे मायलेज सहा-सात टक्क्यांपर्यंत घटू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद आहे. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांच्या नळ्या व रबरे या मिश्रणासाठी योग्य केलेली असतात. त्याआधीच्या गाडीच्या मालकाने इंधननळ्यांची तपासणी करून घ्यावी. म्हसवडकरांना या इथेनॉलचा आणखी एक अर्थ कळतो. ते काही अंशी मक्यापासून व तांदळापासून होते, पण उसापासूनही होते आणि ऊस पिकतो तो शेजारच्या माळशिरसात, पाटाच्या पाण्यावर. १८७६-७७ च्या दुष्काळातील कामांतून उभा राहिलेला राजेवाडीचा तलाव म्हसवडच्या शेजारी आहे, पण त्याचे पाणी मुख्यतः खालच्या गावांना. शेजारच्या रानातला ऊस टाकीत येतो, आपल्या रानात मात्र बाजरी, हे येथला शेतकरी हसत हसत बोलून दाखवतो.

पाण्याचा विषय निघाला म्हणून धुण्याचेही सांगायला हवे. नळी लावून मोटार धुतली तर शे-दीडशे लिटर पाणी सहज जाते. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उभी होती, २०१९ मध्ये पुन्हा उभी राहिली. ज्या गावाने एवढे पाहिले, तेथे दर रविवारी दारात पाण्याचा लोट वाहावा हे शोभत नाही. एक बादली, दोन फडकी आणि आधी कोरड्या ब्रशाने झाडलेली धूळ एवढ्यात गाडी स्वच्छ होते. अनेक घरांत गाळलेले पाणीही जपून वापरतात, तेथे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

शेवटी या रस्त्यावरून पायी जाणाऱ्यांविषयी. आषाढी-कार्तिकीला वारकरी याच मार्गाने पंढरपूरकडे चालतात आणि चातुर्मास संपला की मुनी व आर्यिकांचे विहार सुरू होतात. विहार बहुधा पहाटे असतो. धुके, उगवतीचे ऊन थेट डोळ्यांवर आणि रात्रभर गाडी हाकून पेंगुळलेला चालक, अशा वेळी विहारातील साधू-साध्वींना वाहनाने धडक दिल्याच्या बातम्या वरचेवर वाचाव्या लागतात. रस्ता रुंद झाला तशा गाड्या वेगात आल्या, आणि साइडपट्टी जागोजागी खचलेली आहे. विहाराची व्यवस्था पाहणाऱ्या श्रावकांनी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. संघाने रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. पुढे आणि मागे चालणाऱ्या स्वयंसेवकांच्या अंगात परावर्तक जाकीट असावे, हातात टॉर्च असावा. सोबतची मोटार संघाला चिकटून मुंगीच्या गतीने चालवू नये. ती स्वतःच मागच्या वाहनांना अडथळा ठरते आणि धडक बसली तर तीच संघावर जाऊन आदळते. ती बरेच अंतर मागे, रस्त्याच्या पूर्ण बाहेर, चारी दिवे लुकलुकते ठेवून उभी करावी आणि संघ पुढे सरकला की टप्प्याटप्प्याने पुढे न्यावी. अपघात झालाच, तर जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर मृताच्या वारसांना दोन लाख व गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये देण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. त्यासाठीचा अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत करावा लागतो आणि त्याला पोलिसांच्या प्रथम खबरीची प्रत जोडावी लागते, तेव्हा ती त्याच दिवशी मागून घ्यावी.